सिमोन, ओनेझिम आणि समोरची बोअर

प्रिय झेलिया ताई,

आधी दोन्ही गालांवर तुझ्या धाकट्या भावाचे मुके. तुझा गुडघा कसा आहे? भावजी गेल्यापासून तू एकटीच त्या मॉन्क्टनच्या घराचे जिने चढतेस-उतरतेस, याची मला इथे काळजी लागून असते (मिरेय म्हणते, बाबा, काळजी लागते तर फोन करत जा. तिला काय जातंय बोलायला). माझी तब्येत उत्तम आहे. पाठ दुखते, पण ती बोअरमधून पंप ओढून काढणाऱ्या प्रत्येकाचीच दुखते, त्यामुळे तिला आजार म्हणत नाहीत.

तू रागावली आहेस हे मला ठाऊक आहे. मागच्या महिन्यात तू प्रेमाने फोन केलास आणि एका परक्या बाईने तुला विचारलं की तुमची बोअर किती खोल आहे आणि पाणी गढूळ येतंय की अजिबात येत नाही. ताई, ती बाई नव्हती. ते यंत्र होतं. त्याचं असं झालं की मी बोअरच्या तोंडाशी ओणवा असतो, हाताला ग्रीस असतं, फोन खिशात वाजून वाजून गप्प होतो आणि गिऱ्हाईक यार्मथच्या पंपवाल्याकडे जातं. म्हणून मिरेय हॅलिफॅक्सहून आली आणि तिने फोनवर कृत्रिम बुद्धीची मदतनीस बसवून दिली. नाव सिमोन. ती फोन घेते, प्रश्न विचारते आणि उत्तरांचं टिपण मला पाठवते. नाव काय, घर कुठे, अडचण काय, आणि शेवटी, अगदी गोड आवाजात, ‘आणखी काही सांगायचंय का?’

हा शेवटचा प्रश्न मिरेयने सहज घातला. आपल्या गावात, ताई, हा प्रश्न आजवर कुणी कुणाला विचारलेलाच नव्हता. विचारायची गरजच पडायची नाही, कारण कुणी समोरच्याला बोलू दिलं तर ना. आता लोकांना कळलं की एक बाई आहे, जी मधे तोंड घालत नाही. फिलोमेन काकूंचं टिपण आलं ते असं: ‘अडचण: मोटर आवाज करते. आणखी काही: दुरुस्तीला येणारे गृहस्थ मोटरपेक्षा जास्त आवाज करतात. हवामानावर बोलू नये, ही विनंती.’ मी त्या दिवशी तिथे तोंडातून चकार शब्द काढला नाही. काकूंनी घाबरून मला बसवलं, कपाळाला हात लावून ताप बघितला आणि रापूर खायला घातली (कोंबडीची. बटाटा जरा जाड किसला होता, पण मी तेही बोललो नाही).

मग आपल्या फादरनी फोन केला. त्यांना एवढंच विचारायचं होतं की रविवारी मी गायला येणार का. सिमोनने विचारलं, पूर्ण बंद आहे की थोडं थोडं येतंय? फादर गायकांबद्दलच बोलत होते, म्हणाले, पुरुषांचं पूर्ण बंद आहे, बायकांचं थोडं येतंय. मी हत्यारं घेऊन धावत चर्चमध्ये गेलो आणि पुरुषांच्या मुतारीचा नळ खोलून ठेवला. चालू होता तो. आता नाही.

पण हे सगळं तुला सांगायचं कारण ओनेझिम. समोरचा. तुला आठवत असेलच (नसेल तर तसं कळव). चर्चच्या जेवणात भर पंगतीत तो म्हणाला होता की मी त्याच्याकडे खणलेल्या बोअरच्या पाण्याला गंजक्या खिळ्यांची चव येते, तेव्हापासून आमचं बोलणं बंद. रस्ता ओलांडला की त्याचं दार, आणि इतकी वर्षं आम्ही एकमेकांना बघून आकाशाकडे बघतो. या वसंतात मी खिडकीतून बघत होतो, तो रोज धक्क्यावरच्या दुकानातून बादल्या भरून आणत होता. त्याचा पंप गेला होता. त्याने हाक मारली नाही, मीही गेलो नाही. पण त्या बादल्या बघून मला जेवण गोड लागेना. त्याचंही वय झालंय आता, ताई. अर्धं पाणी रस्त्यावरच सांडायचं.

आणि मग एका सकाळी टिपण आलं. ‘नाव: सांगितलं नाही. घर: समोर. अडचण: पाणी नाही. कधीपासून: त्याला माहीत आहे, खिडकीत बसून बघतच असतो.’

मी गेलो. तो दाराआड. मी पाइप वर ओढायला लागलो तर खिशातला फोन किणकिणला. बघतो तर हा स्वयंपाकघरातून सिमोनला फोन करतोय. ‘त्याला सांगा, पाइप वाफ्यावर ठेवू नको म्हणावं, खाली कांदे लावलेत.’ मी पाइप उचलला आणि मोठ्याने आकाशाला सांगितलं की ज्याने बोअरच्या तोंडाशी कांदे लावले त्याची अक्कल कुठे गेली. पुन्हा फोन. ‘त्याला सांगा, ऐकू आलं.’ असं तासभर चाललं. शेवटी आलं ते हे: ‘त्याला विचारा, चहा घेणार का. दूध संपलंय.’

मी घरी जाऊन दूध घेऊन आलो. पाणी सुरू झालं होतं. त्याने दोन पेले भरले, एक माझ्यापुढे ठेवला, स्वतःचा प्यायला आणि इतक्या वर्षांनी पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, “खिळे.”

मी म्हटलं, “रक्ताला चांगलं असतं. तुला एवढी वर्षं कुणी जिवंत ठेवलंय असं वाटतं?”

तो हसायला लागला. मग मीही. दूध उतू गेलं.

आता आम्ही रोज संध्याकाळी पत्ते खेळतो. तो लबाडी करतो, मी करू देतो. मी सुखात आहे, ताई. एवढंच कळवायचं होतं.

तुझा,
एवारिस्त

ता. क. एवढंच नव्हतं. त्याचा पंप नीट चालतो, तरी तो अधूनमधून सिमोनला फोन करतो. टिपण प्रत्येक वेळी सारखंच: ‘अडचण: काही नाही. आणखी काही: त्याची बहीण कशी आहे. (पंपाशी संबंध समजला नाही.)’ मला समजला. तू मास्तरीण होऊन मॉन्क्टनला गेलीस त्या हिवाळ्यात तो आपल्या मागच्या दारी मासळी ठेवून जायचा आणि आई म्हणायची, देव देतोय. त्याने लग्न केलं नाही. मी विचारलं तर म्हणाला, बोटीला रंग द्यायचा होता.

ता. क. २. मी हे पत्र टपालात टाकलेलं नाही. ज्या पिकल्या दाढीच्या माणसाने तुझ्या हातात पाकीट दिलं, त्याला तू टपालवाला समजली असशील. त्याला मीच बजावलं होतं, ताई वाचून होईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. पत्र इतकं लांबेल हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तो अजून पायरीवरच उभा असेल. त्याला आत घे. हातातल्या खोक्यात शेवंडी आहेत, जिवंत आहेत, आणि त्या त्याच्याइतका वेळ थांबणार नाहीत.