चपला हातात घेऊन

हेमलता,

आमटी पातेल्यात आहे, भात तेवढा ताजा लाव. दुसऱ्या पाळीची बस दीड वाजता यशवंतपूरच्या नाक्यावरून सुटते, म्हणून निघतो. तू शाळेतून येशील तेव्हा मी कारखान्यात लेथपाशी असेन आणि मी परतेन तेव्हा तुला झोप लागलेली असेल.

सकाळी नळावर खालच्या अनुसूयाक्का भेटल्या. “बाईंची नोकरी कायम झाली, पेढे कधी देता, अण्णा?” म्हणाल्या. ऑर्डर सोमवारीच आली म्हणे. मला ठाऊक असणारच असं धरून त्या बोलत होत्या. मीही “हो, हो” म्हणत बादली भरली.

रागावलेलो नाही. रविवारीसुद्धा ओव्हरटाइमला जाणाऱ्या माणसाला तू सांगणार तरी कधी?

आणखी एक. आज तू निघालीस तेव्हा मी जागा होतो. माझी झोप मोडू नये म्हणून चपला हातात घेऊन तू अनवाणी जिन्यापर्यंत गेलीस. रोजच जात असशील. मी डोळे मिटून पडून राहिलो.

उद्या चपला घरातूनच घालून नीघ. वाजल्या तर वाजू देत.

पद्माकर