काष्टा पँटचा कट

१ डिसेंबर, सकाळी ११.२०
आजपासून पहाटे पाचला उठणे. आजचा अपवाद. लेबलचं नाव फायनल: 'मिठागर'. आपण पेणच्या खाडीकाठची माणसं, आपली ओळख अंगावर दिसली पाहिजे. पहिलं कलेक्शन: काष्टा पँट. मिठागरातल्या बायका लुगडं गुडघ्यावर खोचून नेसतात, तसा कट. वर्षभरात मुंबई, मग पॅरिस. पार्टनर प्रणिता. पेणमध्ये तिचं शिलाईचं दुकान आहे, म्हणजे मशीनचा प्रश्न सुटला. ती म्हणाली, तुझ्या पँटमध्ये बसता येत नाय. मी म्हटलं, ही उभं राहण्याची पँट आहे.

४ डिसेंबर
हौसाकाकीला दुकानात नेलं. काकीने तीस वर्षं मिठागरात मीठ ओढलं. लुगडं नेसून तिने चालून, वाकून, उकिडवं बसून दाखवलं. निऱ्या कुठे वळवायच्या, काष्टा कुठे सैल सोडायचा, सगळं प्रणिताला समजावलं. मी देखरेख केली. रीलपण केली.

७ डिसेंबर
तीन दिवस दोघी शिवत होत्या, उसवत होत्या, परत शिवत होत्या. पँट जमली. दूरदृष्टी लागते.

१० डिसेंबर
टॅग छापून आले. फोटोत मी, मागे मिठाच्या राशी. खाली: 'संकल्पना, कट, आत्मा: साईराज.' प्रणिताने विचारलं, काकीचं नाव कुठाय? मी सांगितलं, काकी ही प्रेरणा आहे. प्रेरणेला नाव नसतं. तिने मशीन चालू केलं. पटलं असणार.

१५ डिसेंबर
एका यूट्यूब चॅनेलला मुलाखत. बोलण्याच्या ओघात सांगितलं की लहानपणी डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहिल्या. काकीने ओटीवर बसून ती पाहिली. म्हणाली, कवा रं? पायाला मीठ चरचरतं म्हनून बांधावर रडत उभा राह्यचास, मीच कडेवर घेऊन घरी आनायची. मी म्हटलं, काकी, याला ब्रँडिंग म्हणतात. ती उठून आत गेली. तिला इंग्रजी शब्द आवडत नाहीत.

१९ डिसेंबर
दुकान बंद. प्रणिता फोन उचलत नाही. ताप असेल. काकीपण घरात नाही. आई म्हणाली, रोह्याला गेली. कशाला, ते तिला माहीत नाही म्हणे. बोलताना घासलेलीच भांडी परत घासत होती.

२२ डिसेंबर
दगा! रोह्यात प्रणिताच्या मामाच्या गाळ्यात नवीन दुकान. पाटी: 'हौसा'. आत आपल्याच काष्टा पँट. उद्घाटनाचा फोटो व्हॉट्सॲपवर आला. नारळ फोडतेय कोण? माझी आई. दिवसभर जेवलो नाही. दोन वडापाव म्हणजे जेवण नव्हे.

२३ डिसेंबर
कायदेशीर नोटीस स्वतःच लिहिली. वकिलाची गरज नाही, माझी भाषा जोरदार आहे. उद्या रोहा. निश्चय: आवाज चढवायचा नाही, रडायचं नाही, तिथलं पाणीसुद्धा प्यायचं नाही.

२४ डिसेंबर, सकाळी ९.४०, एसटीत
वडखळला ट्रॅफिक. निश्चय कायम.

२४ डिसेंबर, संध्याकाळी
दुकानात बायकांची गर्दी. प्रणिता सगळ्यांसमोर म्हणाली, टॅगवर एक ओळ वाढवली असतीस तर मी कुठे जाणार नव्हते. मी लक्ष दिलं नाही. काकीच्या हातात नोटीस दिली. काकी शाळेत गेलेली नाही. म्हणाली, तूच वाच. वाचली. 'हौसाबाई दत्तात्रेय म्हात्रे यांनी माझा सांस्कृतिक वारसा चोरला आहे.' बायका कापड चाचपायच्या थांबल्या. तिसऱ्या मुद्द्याला माझा आवाज बसला. एसटीतला वारा बाधला असणार. काकीने शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, यात माजं नाव कुटं हाय? मी दाखवलं. तिने त्यावरून बोट फिरवलं, दोनदा. म्हणाली, पुरं लिवलंस की रं, त्यांच्या नावासकट. मग विचारलं, जेवलास का?
जेवलो. मांदेलीचं कालवण. पाणीपण प्यालो.

२५ डिसेंबर
नोटीस परत मागायला फोन केला. काकी म्हणाली, नाय देत. नाव हाय तिच्यात.