घळीवरून आणलेला आवाज

४ नोव्हेंबर, सोमवार

दिवाळीचा फराळ बॅगेत आणि उत्साह पोटात घेऊन आज इथे पोचले. भाऊच्या धक्क्यावरून लाँच पकडली. रेवसला उतरले तेव्हा वाऱ्याने केसांची पार दैना केली होती, तरी मी आपली हसतेच आहे. तिथून रिक्षाने थळच्या अलीकडे आमचं महिला समुपदेशन केंद्र. पूर्वी इथे भातगिरणी होती. एकच मोठी खोली, मध्ये प्लायवूडचे आडोसे, प्रत्येक आडोशात एक टेबल आणि दोन खुर्च्या.

केंद्र चालवणारे यज्ञेश्वरकाका निवृत्त इंजिनियर आहेत. शेजारच्या टेबलावरची क्षिप्रा सतत काहीतरी खात असते आणि खाताखाता हसवते. तिने पहिल्याच तासात मला बजावलं की मधुवंतीताई, तुम्ही सभा गाजवता हे ऐकलंय, पण इथे हळू बोला, नाहीतर एकीचं दुःख दुसरीला पाठ होतं.

खरं आहे ते. गावातल्या बाया धीर करून येतात. पलीकडच्या आडोशात जावेचा आवाज ऐकू आला की अर्ध्या वाक्यात उठून जातात. आजवर व्यासपीठावरून एकच गोष्ट ओरडून सांगत आले, की बाईला बोलू द्या. पण बोलण्याआधी तिला खात्री हवी, की बोललेलं नको त्या कानावर पडणार नाही. भिंत बांधायला पैसे नाहीत, म्हणून काकांनी छताला छोटे स्पीकर लावलेत. त्यातून दिवसभर एक मंद, सारखा आवाज सुटतो. समोरच्या माणसाचं बोलणं नीट कळतं, पण दोन हातांपलीकडे त्या आवाजात शब्द विरून जातात. मला ही युक्ती फार आवडली.

७ नोव्हेंबर

युक्ती चांगली, आवाज वाईट. जुना टीव्ही बिघडल्यावर येतो तसला सूं-सूं. क्षिप्राचं डोकं दुखतं, बाया विचारतात की गॅस सुटलाय का. मी काकांना म्हटलं, इतका समुद्र दाराशी असताना यंत्राचा आवाज कशाला? लाटा रेकॉर्ड करू. काका म्हणाले, किनाऱ्यावर माणसांची बडबड फार, ती रेकॉर्डिंगमध्ये येईल. मी म्हटलं, जागा मी शोधते.

९ नोव्हेंबर

जागा सापडली! ओहोटीला कालवं फोडायला निघालेल्या बायांबरोबर खडकांतून चालत गेले. वाटभर नुसता कलकलाट. नीराबाई नावाच्या मासेवालीने माझी फिरकी घेतली, ताई, तुम्ही बोलता का लिलाव पुकारता? मग खडकांमधली एक अरुंद घळ आली आणि सगळ्या एकदम गप्प. हातवारे करून एकमेकींना पुढे नेलं. घळ मागे पडल्यावर नीराबाईंनी सांगितलं, की इथं कुनी बोलत न्हाय, पिढ्यान्‌पिढ्या न्हाय. इथं बोललेलं दर्या ठेवून घेतो.

मला हसू आलं. बायकांना गप्प बसवायला माणसाने काय काय शोधून काढलंय! पण रेकॉर्डिंगला याहून चांगली जागा कुठली? संध्याकाळच्या ओहोटीला काकांना घेऊन गेले. घळीत पाणी आत-बाहेर होताना खोल श्वासासारखा आवाज येतो. त्यात माणसाचा एक शब्द नाही.

१४ नोव्हेंबर

घळीतला आवाज लावल्यापासून काय फरक पडलाय! खोली शांत वाटते, खांदे सैल होतात. बाया मोकळ्या बोलू लागल्यात, तासतासभर बोलतात.

आज नीराबाई स्वतः आल्या. खुर्चीत बसताच छताकडे बघून थबकल्या. ह्यो आवाज वळखीचा हाय, म्हणाल्या आणि उठल्याच. मी त्यांना बसवलं. भीती आणि परंपरा यांवर मी आजवर जे जे वाचलंय ते सगळं पणाला लावलं. शेवटी हसल्या. तुमचं बोलनं ऐकलं का मानूस विहिरीत पन उतरंल, म्हणाल्या.

मग बोलल्या. नवरा वारला. नावेवर आता धाकटा दीर हरेश्वर हक्क सांगतो. १ डिसेंबरला मच्छीमार सोसायटीची सभा आहे, त्यात नाव त्याच्या नावावर चढवायचा ठराव येणार. सोसायटीची रीत अशी, की हरकत घ्यायची तर सभेत उभं राहून तोंडाने घ्यायची. वारसाने किंवा त्याने आणलेल्या माणसाने. कागद चालत नाही, कारण पूर्वी अडाण्यांचे अंगठे घेऊन कुणीही कागद आणायचं. रीत मला पटली. नाव गेली तर नीराबाईंकडे काहीच उरत नाही. मी शब्द दिला, तुमच्या बाजूने मी उभी राहीन.

२१ नोव्हेंबर

क्षिप्रा आज खात नव्हती. म्हणाली, घरी मुलाला हाका मारते, तो वळतच नाही. नवऱ्याला वाटतं मी रुसलेय. मी चेष्टा केली. मग जाणवलं, तिचं निम्मं बोलणं मी ओठांवरून समजून घेत होते.

दुपारी नीराबाई रडत आल्या. ओठांवरून, खुणांवरून कळलं ते असं. धक्क्यावर मासळीच्या लिलावात त्यांनी बोली पुकारली, पुन्हा पुकारली, पुकारणाऱ्याने मान वर केली नाही. शेजारच्या बायांनी टोमणा मारला, का गो, तोंडात पापलेट धरलंस का? सलग काही दिवस रिकामी पाटी घेऊन घरी जातायत.

मी म्हटलं, घसा बसला असेल. स्वतःलाच ते पटलं नाही.

२५ नोव्हेंबर

अलिबागला कॉलेजात माझं भाषण होतं. विषय माझाच, स्त्रीचा आवाज. पहिल्या वाक्यालाच मागची मुलं माइकवाल्याकडे वळली. त्याने वायर तपासली, दुसरा माइक आणला. मी माइक बाजूला केला आणि छाती फुटेस्तोवर बोलले. पुढच्या रांगेतल्या प्राध्यापिकेने पदर ओढून घेतला आणि शेजारणीला म्हणाली, समुद्राचा आवाज इथपर्यंत येतो का हो?

तो माझ्या तोंडातून येत होता.

२६ नोव्हेंबर

यंत्र बंद केलं. रेकॉर्डिंग पुसलं. काकांनी स्पीकर उपटून काढले. मग आम्ही तिघं मधोमध उभं राहून एकमेकांशी बोललो.

खोलीत लाटा. फक्त लाटा.

काकांनी पाटीवर खडूने लिहिलं — माझ्या लक्षात यायला हवं होतं. नाही काका. जागा मी शोधली. नीराबाईंना खुर्चीत मी बसवलं.

२९ नोव्हेंबर

डॉक्टर म्हणतात घशात काही नाही. क्षिप्रा माहेरी गेली. नीराबाई रोज येतात, आम्ही या वहीत लिहून बोलतो. त्या सातवी शिकल्यात, अक्षर सुरेख आहे. आज लिहिलं — परवा काय करायचं?

मी लिहिलं — बोलायचं. सगळा जीव एकवटून.

हरेश्वरविरुद्ध उभं राहायला गावातलं दुसरं कुणी तयार नाही.

१ डिसेंबर, रविवार

सभेत ठराव वाचला गेला. चेअरमननी विचारलं, कुणाची हरकत?

नीराबाई उभ्या राहिल्या. मी उभी राहिले. कागद पुढे केला. चेअरमन चांगले गृहस्थ, हात जोडून म्हणाले, बाय, रीत ठावं हाय ना, तोंडानं सांग.

मी बोलले. देवाशपथ, आयुष्यात इतकं चांगलं कधी बोलले नव्हते. नीराबाईंची वर्षं, त्यांच्या हातांच्या भेगा, त्या नावेचं एकेक फळकूट. कुणीतरी म्हणालं, वारा सुटला वाटतं. एकाने उठून खिडकी लावली.

हरेश्वर हसला. वहिनीनं वकीलबाई आनली नि ती पन मुकी!

चेअरमन थांबले. खूप वेळ थांबले, हे मला सांगितलंच पाहिजे. मग म्हणाले, कुनाची हरकत न्हाय.

नाव गेली.

२ डिसेंबर

नीराबाईंनी पहाटे दारात येऊन लिहिलं — जिथं ठेवून घेतलाय तिथनं मागून आनू.

ओहोटी आहे. निघालो.

—खडकांवर बसून लिहितेय. घळीपाशी आलो. आत बोलणं चाललंय. शब्द स्पष्ट. क्षिप्राची हाक, मुलाच्या नावाने. नीराबाईंची बोली, पापलेटचा भाव. कालचं माझं भाषण, अख्खं—

पाणी वळलंय. भरती लागली. मी नीराबाईंचा हात ओढला—

आता माझा आवाज नवीन काही बोलतोय. मी कधी न बोललेलं. नीराबाई, या, घाबरू नका, जुन्या समजुती आहेत, आत या, नाव मिळेल — किती पटवून — किती गोड —

हात सोडवून घेतला. उतरल्या. कमरेएवढं पाणी. हसतायत. मी ओरडतेय, लाटेत लाट — इथे मोठ्या अक्षरात लिहिते, वही वर धरते, एकदा वळल्या की दिसेल —

नीराबाई ती मी नाही

मी इथे आहे मागे

मागे बघा

मागे ब