खंडेनवमीचा पहिला कमिट

१५ सप्टेंबर, सोमवार
ठरवलं. कॉलेजच्या युनिक्स सर्व्हरवर गिट टाकतो. कोणी काय बदललं, कधी बदललं, सगळा इतिहास ठेवते हे सॉफ्टवेअर. सध्या चाळीस लोकं एकाच सर्व्हरवर धिंगाणा घालून राहिले. इथंच शिकवणाऱ्या प्रेमिला मॅडमचेच फोल्डर पाहा: थिसिस_फायनल, थिसिस_फायनल_खरं, थिसिस_फायनल_देवाशपथ. कुही तालुक्यातल्या धानावरच्या रोगाचा सहा वर्षांचा डेटा, आणि शिस्त शून्य. १५ ऑक्टोबर त्यांची पीएचडी सबमिट करायची लास्ट डेट. बाईचं भलं मलेच करा लागन.
हे जमलं की डायरेक्टर आनंदराव सर मले कॉन्ट्रॅक्टवरून पर्मनंट करतीनच.

१९ सप्टेंबर
इन्स्टॉल झालं. पाच दिवस लागले. सर्व्हर जुना आहे, माझी चूक नाही.

२४ सप्टेंबर
पहिला कमिट, म्हणजे पहिली कायमची नोंद, सरांच्या हातानं. १ ऑक्टोबर, खंडेनवमी, हत्यारांची पूजा, सकाळी ११.२०. तवरक कोणी बटण दाबाचं नाही. मॅडम म्हणे, ओमप्रकाश, माझं आधी टाकून घेऊ का? मी म्हटलं, पूजेच्या आधी कोणी प्रसाद खाते का?

२९ सप्टेंबर
सगळ्यांच्या फाइली एका नव्या फोल्डरमध्ये आणल्या. म्हणजे हलवल्या नाही, नुसत्या लिंका बनवल्या. जागा वाचते. डोकं लागते त्याले.
मॅडमचा पेनड्राइव्हही फॉरमॅट करून दिला. दोन-दोन प्रती ठेवणं म्हणजे सिस्टमवर अविश्वास. त्या नाही-नाही म्हणत होत्या.

३० सप्टेंबर, संध्याकाळी ५
पूजेच्या आधी माणूस घर झाडतेच. सर्व्हर झाडला. जुने फोल्डर सगळे डिलीट. युनिक्स 'नक्की का?' असं विचारत नाही. मले आवडते असं.

१ ऑक्टोबर
हार, नारळ, कीबोर्डले हळदकुंकू. सरांनी बटण दाबलं. टाळ्या!
दुपारी २. मॅडमची फाइल उघडत नाही. कोणाचीच उघडत नाही. नव्या फोल्डरमध्ये नुसते पत्ते लिहिले आहेत, आणि घरं मी काल पाडले. कीबोर्डमध्ये कुंकू गेल्यानंही होऊ शकते.

६ ऑक्टोबर
रिकव्हरीवाला म्हणे, काहीच उरलं नाही. बाकीच्यांनी माझं कधी ऐकलंच नव्हतं, त्यांच्या प्रती लॅपटॉपवर निघाल्या. ऐकलं फक्त मॅडमनी. माझ्या टेबलासमोर उभ्या राहून रडल्या. मले बी लय वाईट वाटलं. चहा मागवला. त्यांनी घेतला नाही, मग मीच घेतला.

८ ऑक्टोबर
सरांले रिपोर्ट दिला. कारण: युजरनं स्वतःची प्रत ठेवली नाही. खरंच आहे ते. फॉरमॅट मी केला, पण पेनड्राइव्ह त्यांनी माझ्या हातात काहून दिला?

१५ ऑक्टोबर
लास्ट डेट गेली. मुदत वाढवून भेटली नाही, मॅडमचं रजिस्ट्रेशनच रद्द झालं. सहा वर्षं गेले बिचारीचे. पण माझ्या रिपोर्टवर सरांची सही झाली! दिवाळीआधी पर्मनंटचं पत्र येतेच.

१७ ऑक्टोबर
सरांनी बोलावलं. म्हणे, सर्व्हरवर आता काहीच नाही, मग तो सांभाळाले माणूस काहून पाहिजे? मी म्हटलं, सर, नवीन डेटा येईन नं. म्हणे, कोण ठेवते आता तिथं? उद्यापासून येऊ नका. चार्ज प्रेमिला मॅडमले द्या.
चार्ज म्हणजे पासवर्ड. कागदावर नीट लिहून नेला. मॅडमनी हातही पुढं केला नाही. म्हणे, राहू द्या, हा सगळ्यांलेच माहीत आहे.