कळ्या खुडायची वेळ

प्रिय धाकट्या,

परवा फोनवर तू म्हणालास, "ताई, बाबांना माझ्याकडे आणू का नको, एका शब्दात सांग," आणि मी "पत्र लिहिते" म्हणून फोन आईच्या हातात दिला. तुला राग आला असणार. ही बाई अजून पत्रं लिहिते, असं तू बायकोकडे पुटपुटलाही असशील. पण मी फोनवर बोलते तेव्हा आई स्वयंपाकघरात नळ बंद करून ऐकत असते. शिवाय बोलताना समोरच्याला बरं वाटेल तिकडे माझी जीभ वळते. लिहिताना ती खोड जरा कमी असते. बाबांनी उरलेले दिवस कुठे काढायचे ते माझ्या उत्तरावर ठरणार असेल, तर ते उत्तर कशाच्या आधाराने देते आहे हे तुला कळायला हवं.

आधी बरी बातमी. बाबांच्या अंगावर एक ओरखडासुद्धा नाही. झटक्यानंतर त्यांची उजवी बाजू गेली आणि वाचा गेली, पण पाठीला कुठे लाली नाही, नखं कापलेली, दाढी केलेली, चादर ताठ. डॉक्टर मला जिन्यात थांबवून म्हणाले, "तुमच्या आईंसारखी सेवा मी पगारी नर्सकडूनही पाहिली नाही." हे सगळं खरं आहे. आई त्यांना भरवते तेव्हा घास त्यांच्या ओठांपाशी धरून थांबते, घाई करत नाही. ते मान हलवून हो-नाही सांगतात, डाव्या हाताने खुणा करतात. बोलता येत नसलं तरी त्यांना कळतं सगळं. हे वाक्य लक्षात ठेव. माझा सगळा घोळ त्यातच आहे.

बाल्कनीतली क्लेमॅटिस तुला आठवते ना? निवृत्तीनंतर बाबांनी आणलेली बुटकी वेल, कुंडीतच राहणारी, माणसाच्या कमरेपर्यंत चढून थांबणारी. आयुष्यभर नकाशे काढलेला माणूस, तिचं सगळं मोजून-मापून करायचा. कुंडी खोल हवी, तळाला भोकं हवीत, रोप नर्सरीतल्यापेक्षा बरंच खाली गाडलेलं हवं, म्हणजे वरचं वाळलं तरी मातीतून पुन्हा फुटतं. मुळं थंड राहावीत म्हणून मातीवर फुटक्या फरशीचे तुकडे. तिची पानं आपल्या देठांनीच आधाराला विळखा घालतात, म्हणून जाड काठी नको, बारीक तार हवी. ते तिला 'राणी' म्हणायचे. आईला त्यांनी कधी कशानेच हाक मारलेली मला आठवत नाही. "अगं" नाही, "ए" नाही, नुसती टेबलावर टिचकी. पाहुणे आले की त्यांना बाल्कनीत नेऊन सांगायचे, "हिला पाय सावलीत आणि डोकं उन्हात लागतं. आमच्या घरात दुसरी एक आहे, तिचं डोकं कायमच सावलीत." पाहुणे हसायचे. आपणही हसायचो, धाकट्या. तू तर मोठ्याने. आईने कुंडीला हात लावायचा नाही असा नियम होता, कारण "हिच्या हाताला यश नाही."

झटक्यानंतर आईने त्यांची खुर्ची बाल्कनीच्या दाराशी, कुंडीसमोर नेऊन ठेवली. मला गहिवरून आलं होतं. थंडी ओसरली, वेलीला पेराशी कोंब आले, मग कळ्या, फुगीर आणि टोकदार. बाबा दिवसभर त्यांच्याकडे बघत बसायचे. एका सकाळी मी कामावर निघताना पाहिलं, आई त्यांची नकाशाच्या कागदाची कात्री घेऊन वेलीपाशी उभी होती. कळ्यांना जांभळा रंग दिसू लागला होता, एका दिवसात उमलल्या असत्या. तिने एकेक कापली आणि बाबांच्या मांडीवरच्या रुमालावर ठेवत गेली. आवाज अगदी गोड: "थकली असेल हो तुमची राणी. जरा आराम देऊ या तिला."

मला वाटलं, तिला माहीत नसेल. मनातल्या मनात तिच्यासाठी सबबी शोधल्या मी: म्हातारपण आहे, छाटणी आणि खुडणी यात गल्लत झाली असेल, बाबांनी कधी शिकवलंच कुठे? म्हणून संध्याकाळी हळूच म्हटलं, "आई, त्या कळ्या होत्या गं, त्यांचीच फुलं होतात." ती भांडी पुसत होती. म्हणाली, "मला सांगतेस? या घरात दुसरं काही ऐकलंय का मी?"

ही वेल आहे मोठी दांडगी. तिची नवी वाणं कुंडीसाठीच काढलेली असतात आणि एक बहर गेला की काही आठवड्यांनी दुसरा धरतात. कळ्या कापल्या तर उलट जोमाने धरतात. आई तिला मरू देत नाही, हे नीट समजून घे. रोज सकाळी मातीत बोट घालून बघते आणि मगच पाणी देते. तिने मला नर्सरीत पाठवून कळ्या जास्त येण्यासाठीचं पोटॅशचं खत मागवलं. नर्सरीवाला खूश. "काकूंना म्हणावं, बहर आला की फोटो पाठवा!" मी हो म्हटलं. कळ्यांना रंग चढेपर्यंत ती थांबते, आणि त्या सकाळी बाबांना आंघोळ घालून, केस विंचरून, चश्मा पुसून डोळ्यांवर चढवते. पहिल्यांदा ते डाव्या हाताने खुर्चीवर थापट्या मारत होते. आता मारत नाहीत. डोळे मिटून घेतात. मग ती थांबते. डोळे उघडेपर्यंत थांबते.

तिला मी विचारलं, का? ती म्हणाली, "मशीन आठवतं तुला?" तुला ते आठवणार नाही, तू कडेवर होतास. बाल्कनीच्या त्याच कोपऱ्यात आईचं शिवणाचं मशीन होतं. आजूबाजूच्या बायका कापड घेऊन यायच्या, आई शिवता शिवता त्यांच्याशी गप्पा मारायची, खिदळायची. तिचं हसणं मी तेवढंच ऐकलंय. आजी आजारी म्हणून ती तुला घेऊन माहेरी गेली आणि आजीला पोचवून परत आली, तेव्हा तिथे कुंड्या होत्या. मशीन भंगारवाल्याला गेलं होतं. बाबा वर्तमानपत्र खाली न करता म्हणाले, "ऊन तेवढंच येतं घरात. तुझं काय अडलंय त्या खटखटीवाचून?" त्यानंतर बायका यायच्या तेव्हा आई दारातूनच सांगायची, मशीन बिघडलंय. पुढे कितीतरी महिने ती हे खोटं बाबांच्या वतीने बोलत होती आणि मी तिच्या पदरामागे उभी राहून ऐकत होते.

तरीही मी हातावर हात ठेवून बसले नाही. एके दिवशी वेलीला कीड लागली म्हणून सांगितलं आणि कुंडी उचलून कामावर, आमच्या लायब्ररीच्या मागच्या खिडकीत नेऊन ठेवली. त्या आठवड्यात चहा बाबांच्या हाताला लागणार नाही इतक्या अंतरावर निवू लागला. रेडिओवरचं त्यांचं आवडतं गाणं सुरू झालं की तिला नेमकं स्टेशन बदलायचं असायचं. बाबांनी खुणेने बोलावल्यावर ती येत होती, पण आधी सगळे दिवे पुसून मग. कुठेही बोट ठेवता येणार नाही असं सगळं. शेवटी बाबांनी माझी बाही धरली आणि बाल्कनीतल्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवलं. पुन्हा पुन्हा. मी कुंडी परत आणली. कुंडी जागेवर ठेवल्यावर त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. कळ्यांचं तरी काय होणार, कधी आणि कसं, ते त्यांना ठाऊक होतं.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. आई बाजारात गेली असताना मी बाबांना विचारलं, धाकट्याकडे जायचंय का? त्यांनी इतक्या जोरात मान हलवली की चश्मा पडला. म्हणजे त्यांना यायचं आहे, यात शंका ठेवू नकोस. तुझी खोली तयार आहे, बायकोची तयारी आहे, तुला सुट्टीही मिळते आहे. तुला खोटं सांगून तुझा निर्णय मला वळवायचा नाही, म्हणून सगळं लिहिलं. आणि सगळं लिहून म्हणते, त्यांना नेऊ नकोस. तू त्यांना नेलंस तर आईच्या हातात काय राहील? रिकामी खुर्ची, आणि एक वेल, जिची फुलं बघायची तिला इच्छा नाही. मी यावर खूप दिवस विचार केला. हे बरोबर आहे असं म्हणत नाही. बाबांचं दुःख मला दिसतं, आईचं समाधानही दिसतं, आणि दोन्ही एकाच तराजूत घातल्यावर माझा हात कुठे जातो, एवढंच सांगते आहे.

हे पत्र मात्र मी त्यासाठी लिहायला घेतलं नाही. तू रविवारी फोन करशील आणि स्पीकरवर बाबांशी बोलशील, त्याआधी ते तुला मिळायला हवं, म्हणून लिहिलं. कारण काल मी बाबांच्या खुर्चीशेजारी बसून त्यांना सांगितलं की तू नाही म्हणालास. जागा नाही, बायकोला जमणार नाही, असं म्हणालास. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, मी खरं बोलते की नाही ते शोधत असल्यासारखं. मी नजर हलवली नाही. मग त्यांनी मान भिंतीकडे वळवली. तेव्हा तू रविवारी त्यांच्याशी हवापाण्याचं बोल आणि दुसरं काही सुचवू नकोस. आता तू हो म्हणालास तर त्यांना कळेल की त्यांच्याशी खोटं कोण बोललं, आणि मला त्यांच्यासमोर रोज बसायचं आहे. आई दाराशी उभी होती, तिने सगळं ऐकलं. ती आत आली, माझ्या मागे उभी राहिली आणि माझ्या केसांवरून हात फिरवला, मी लहान असतानाही कधी फिरवला नव्हता तसा. मला फार बरं वाटलं, धाकट्या.

तुझीच,
ताई