पटावर एक मूल कमी

करवंदीची कोंड, शाळेच्या पडवीतून
(उमरठच्या वर, डांबर संपतं तिथून पुढे)
२६ मार्च, खिचडी वाटून झाल्यावर

ती. सौ. आक्कास,

धाकट्या रघुवीरचा साष्टांग नमस्कार.

तुझे गुडघे या महिन्यात कसे आहेत? भाऊजींनी पेढे लपवून खाणं थांबवलं, की तू शोधणं थांबवलंस? नात सई झोपायच्या आत निषाद आणि सूनबाई घरी पोचतात का? इकडे मी बरा आहे. दाढ ठणकते, कंबर धरते आणि मन कशातच लागत नाही, पण रजा घ्यावी असं काही नाही. (रजेचा अर्ज आता पोर्टलवर करायचा असतो, तोही आजारी पडण्याच्या आधी.) तू मोबाईलवर आलेलं काही वाचत नाहीस म्हणून हा कागद. खरं सांगायचं तर मलाही मोबाईलवरचं वाचणं नको झालंय, पण मला पगार त्याचाच मिळतो.

भाऊजींच्या पंचाहत्तरीला मी आलो नाही, यावरून तू मनात काय काय बोलली असशील ते मला इथे ऐकू येतं. सख्खा भाऊ, महाड ते पुणे चार तासांचा रस्ता, आणि शेवटी वासूकाका नव्वदीत काठी टेकत येऊन गेले. आक्का, मी प्रशिक्षणात होतो. आता तू म्हणशील, छप्पन्न वर्षांच्या माणसाला कसलं प्रशिक्षण? तेच सांगण्यासाठी हे पत्र लिहितो आहे आणि सांगायला जरा मागून सुरुवात करावी लागणार आहे. तेव्हा चष्मा लाव आणि गॅसवर काही असेल तर बंद करून ये.

आमच्या शाळेचा पट नऊ. पहिली ते चौथी, एक खोली, एक पडवी आणि कागदोपत्री दोन शिक्षक. त्यातले दुसरे सुनील गुरुजी. ते टायपिंग झकास करतात, हे वर कुणाच्या तरी लक्षात आलं आणि त्यांना तालुक्याला कामगिरीवर नेलं. तिथे बसून ते सगळ्या शाळांकडून माहिती मागवतात. म्हणजे माझ्याच शाळेचा शिक्षक मला रोज विचारतो की तुमच्या शाळेची माहिती अजून का आली नाही, आणि मी त्याला सांगू शकत नाही की बाबा, ती भरायला तूच इथे नाहीस. मेसेजखाली तो हात जोडलेलं चित्र टाकतो. स्वभावाने गरीब आहे. माहिती तरी किती म्हणशील? खिडक्या किती, त्यातल्या उघडणाऱ्या किती, मुलांनी झाडं किती लावली, त्यांतली जगली किती, त्या झाडांबरोबर माझे फोटो किती. सगळ्याला मुदत आज सायंकाळी पाच. रेंज मात्र फक्त सहाणेवर, शिमग्यात देवाची पालखी टेकते त्या चौथऱ्याच्या एका कोपऱ्यात. तिथे मी चपला काढून उभा राहतो आणि शासनाशी बोलतो. गावाला आधी वाटायचं गुरुजी फार देवभोळे झाले.

तर जानेवारीत वरून फर्मान आलं की दहाच्या आत पट असेल ती शाळा जूनपासून खालच्या मोठ्या शाळेत मिसळायची. आम्ही एका मुलाने मेलो. आता शाळेबद्दल तुझ्याजवळ खोटं कशाला बोलू? छप्पर दोन ठिकाणी गळतं, माकडं दप्तरं उचलून नेतात, तांदळाच्या कोठीत गेल्या पावसाळ्यात नाग निघाला, आणि शेवटच्या चढावर माझी स्कूटर अशी काही धापा टाकते की मी उतरून तिला ढकलतो आणि तिचे हाल बघत स्वतःचे विसरतो. मिसळली तर मिसळली, माझं काय जातं, असं मी चार दिवस स्वतःला बजावून पाहिलं. पण आमच्या नऊत तेजश्री ही एकटी मुलगी आहे. तिसरीतली. आईबाप मुंबईला नालासोपाऱ्यात, ही आजीजवळ. तिला वाचायचं वेड आहे. खिचडी शिजेपर्यंत ती तेलाच्या पिशवीवरची सूचनासुद्धा मोठ्याने वाचते, आणि कुणी ऐकत नसलं की मला म्हणते, "गुरुजी, तुमी आयका ना." तिची आजी राहीबाई आमची खिचडी करते. फर्मान ऐकल्यावर ती डाव हातात धरून म्हणाली, "आठ पोरगे जातील नाचत खाली. ही एकली पोरगी मी रानातनं कशी धाडू, गुरुजी? वढ्याला पानी आलं का मानूस नाय पार होत. ऱ्हाईल ती घरी." मी म्हटलं काही तरी मार्ग निघेल. (आपण असं म्हणतो तेव्हा मार्ग निघत नसतो, हे एवढ्या नोकरीत कळलं आहे.)

मार्ग काढायला मग गावच पुढे झालं. शिमग्याला मुंबईकर आले. वर्षभर कुलपं असलेल्या घरांतून माणसं आणि माणसांतून पोरं बाहेर पडली. पालखी सहाणेवर टेकली आणि कुशाबा गाऱ्हाणं घालायला उभा राहिला. कुशाबा इथला मानकरी. पाऊसपाणी, रोगराई, गुरंढोरं सगळं देवाच्या कानावर घालून झालं आणि मग तो म्हणाला, "आन् ही आमची साळा हाय, तिचा पट वाढव. जो कुनी तिला कुलूप लावाया बघत आसंल, त्याची बदली लांब कर रे म्हाराजा!" सगळी कोंड एका आवाजात ओरडली, "व्हय म्हाराजा!" मीही ओरडलो. शासकीय सेवक असून ओरडलो. तू कुणाला सांगू नकोस.

दुसऱ्याच दिवशी पडताळणीचं पथक येणार असल्याचं मला सहाणेवर उभा असताना कळलं आणि माझ्या तोंडून ते कुशाबाला कळलं. एवढं माझं चुकलं. सकाळी मी चढ चढून वर आलो, तर शाळेत पाय ठेवायला जागा नाही. कोंडीतली यच्चयावत पोरं आंघोळ घालून, भांग पाडून बसवलेली. कांदिवलीची, दिव्याची, घाटकोपरची. खोटी नावं लिहा असं मला कुणी सांगितलं नाही, हे मुद्दाम लिहितो. यांचा हिशेब साधा. शाळेत पोरं कमी म्हणून बंद करतात, तर आज भरपूर दाखवू. पोरं आपलीच, गाव आपलं, देव आपला, मग लबाडी कुठे आहे? मी काही बोलायच्या आत जीप खाली थांबली आणि पथकाचे साहेब घाम पुसत वर आले. त्यांनी मोजलं. पुन्हा मोजलं. एका दाढी फुटायला आलेल्या पोराला कितवीत म्हणून विचारलं, तर तो म्हणाला, "एट्थ स्टँडर्ड, अंकल. इधर वायफाय नहीं है क्या?" साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. कुशाबा दारातून कौतुकाने म्हणाला, "मोजा सायेब, खुशाल मोजा. कमी हायत म्हनत व्हतात ना?" मी पंख्याकडे पाहत होतो. पंखा बंद होता.

आक्का, साहेब वाईट माणूस नव्हता. त्याने राहीबाईकडची पुरणपोळी खाल्ली, दुसरी मागून घेतली आणि पटापेक्षा उपस्थिती जास्त असं लिहून घेऊन गेला. पण पोर्टलवरचा तो रकाना पटापेक्षा मोठा आकडा घेईना. तेव्हा दोष माझा ठरला. मला खुलासा विचारण्यात आला की आढळलेली जादा मुलं कोणाच्या आदेशाने शाळेत आली. मी सरळ लिहून दिलं, ग्रामदेवतेच्या पालखीनिमित्त आली. उलट उत्तर आलं, ग्रामदेवतेच्या पत्राची प्रत जोडावी. मी कुशाबाला ते वाचून दाखवलं. त्याला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. तो गंभीरपणे म्हणाला, "देव ल्ह्येत नाय, गुरुजी. कौल देतो. लावू का कौल?" मी नको म्हटलं. कौलाची प्रत कुठे जोडायची हे मला ठाऊक नव्हतं.

खुलासा असमाधानकारक ठरला आणि मला सक्षम करायचं ठरलं. म्हणून प्रशिक्षण. तीन दिवस, महाडला, विषय 'आनंददायी उपस्थिती', आणि त्यातला मधला दिवस वीस मार्च. त्या दिवशी चवदार तळ्यावर गावोगावची माणसं येतात, स्टँडपासून रस्ते भरतात, हे महाडच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. वेळापत्रक करणाऱ्याला नव्हतं. मार्गदर्शक मॅडम पनवेलहून येताना गर्दीत अडकल्या, तोपर्यंत आम्ही पन्नास गुरुजी आनंदाची वाट पाहत बसलो. (आणि त्याच दिवशी भाऊजींची पंचाहत्तरी. तुझा निरोप आला तेव्हा मी डोळे मिटून माझ्या आतलं मूल शोधत होतो. आतलं नाही सापडलं. मला बाहेरचं एक हवं होतं.) मग मॅडमनी कार्डशीट वाटले आणि स्वप्नातली शाळा काढायला सांगितली. लोकांनी पोहण्याचे तलाव काढले, एकाने हेलिकॉप्टर काढलं. मी आमचीच खोली काढली, गळक्या कौलांसकट, नऊ मुलं काढली, आणि तेजश्रीच्या शेजारी आणखी एक मुलगी. मॅडमना चित्र फार भावलं. मला पहिला नंबर दिला, बक्षीस म्हणून तुळशीचं रोप दिलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मला त्या हॉलमध्ये, त्या टाळ्यांत, रडू येईल की काय असं वाटलं. दाढेवर ढकललं.

आता यातली खरी गोम ऐक. मी महाडला सक्षम होत असताना इथे शाळेत कोण होतं? कुणी नाही. सुनील गुरुजी तालुक्याला. त्यामुळे तीन दिवस शाळेला कुलूप आणि उपस्थिती शून्य. पोर्टलने ते आपणहून टिपलं आणि शाळेपुढे लाल अक्षरात 'निष्क्रिय' असं लिहिलं. मी ते कुलूप उघडलं तेव्हा पायरीवर तेजश्री बसलेली. म्हणाली, "गुरुजी, मी तिनी दिस आल्ते." मी तिला ते तुळशीचं रोप दिलं. दुसरं द्यायला माझ्याजवळ काही नव्हतं. सुनील गुरुजींना फोन केला, तर बिचारा कुजबुजत म्हणाला की अजून एक वाट आहे. जूनमध्ये पहिलीत येणाऱ्या मुलाचं नाव पालकाच्या सहीनिशी एकतीस मार्चच्या आत आलं आणि पट दहा झाला, तर शाळा यादीतून निघेल. मी कोंडीतल्या सगळ्या घरांतून फिरलो. पहिलीच्या वयाचं मूल इथे राहिलेलं नाही. जी आहेत ती आमची आठवी-कांदिवली.

असो. तुला नसता ताप दिला. भाऊजींना सांग, माझा नमस्कार उशिरा का होईना पोचू द्या. पेढे मी आलो की दोघे मिळून तुझ्यासमोर खाऊ. सईला गोड पापा.

तुझा,
रघुवीर

ता. क. (१) : सई जूनमध्ये पहिलीला बसते ना? तूच दिवाळीत म्हणाली होतीस की अकराव्या मजल्यावर जीव गुदमरतो, तुमचं महाडचं घर बंद पडून आहे, आणि नात मराठीत भांडतसुद्धा नाही. तर ये की. एक वर्ष ये. वर मी शाळेचं जे लिहिलं आहे ते रागाच्या भरात, त्यातलं मनावर घेऊ नकोस. नाग एकदाच निघाला होता आणि तोही घाबरलेला होता. माकडं मुलींची दप्तरं नेत नाहीत. स्कूटरवर सई पुढे उभी राहील, शेवटचा चढ आम्ही गाणी म्हणत चढू. सोबत कोरा कागद जोडला आहे, त्यावर निषादची सही घेऊन लगेच स्पीडपोस्टने धाड. हवं तर आधी सही घे आणि मग त्याला सांग.

ता. क. (२) : पोलादपूरच्या पोस्टात उभा राहून लिहितो आहे. पाकीट चिकटवायच्या आधी रेंज आली आणि मेसेज धबाधबा पडले. एकतीसची मुदत अलीकडे आणून पंचवीस केली आहे. म्हणजे काल. खाली सुनील गुरुजींचे जोडलेले हात. दुसरा मेसेज वरून, साहेबांकडून आला आहे. एप्रिलमध्ये 'शाळा मिसळताना: एक आनंददायी अनुभव' हे प्रशिक्षण आहे आणि माझं चित्र आवडल्यामुळे त्यात मला मार्गदर्शक नेमलं आहे. तेव्हा तो कोरा कागद राहू दे. त्यावर वाणसामानाची यादी कर.

ता. क. (३) : एक राहिलं. तुला विचारण्याआधीच मी तेजश्रीला सांगून बसलो होतो की जूनमध्ये पुण्याहून एक मुलगी येणार आहे, तुझ्याच शेजारी बसेल, तिला तू वाचून दाखव. तेव्हापासून ती बसकराच्या अर्ध्याच भागावर बसते. उरलेला अर्धा रोज सकाळी हाताने झाडून ठेवते. आज मी निघालो तेव्हाही झाडत होती. आता तिला काय सांगू, एवढं कळव. उत्तर सवडीने दिलंस तरी चालेल. या एका कामाला वरून मुदत आलेली नाही.