पोट सुटलेला पुतळा

अहो,

घरात सगळ्यांना नमस्कार. तुमचा नमस्कार शेवटी, आधी नीट वाचा.

मी बरी आहे. इथे गाडीच्या सीटचे नवे पट्टे तपासायला माणसाएवढे पुतळे गाडीत बसवतात आणि गाडी भिंतीवर आदळतात. पुतळ्यांना कपडे घालायचे आणि मोडले की गोळा करायचे, हे माझं काम.

जाड माणसाच्या पोटावरून पट्टा सरकतो, म्हणून साहेबांनी आता ढेरीवाला पुतळा आणलाय. हुबेहूब तुम्ही! मी त्याला 'अहो' म्हणते, सगळे हसतात. काल नव्या पट्ट्यात तो जागचा हलला नाही.

आज मुद्दाम पट्ट्याशिवाय बसवला. मुंडकं काच फोडून बाहेर! मी "अहो!" म्हणून ओरडलेच. साहेब म्हणाले, "मावशी, पुतळाच आहे तो. दुसरं मुंडकं लावू."

थोरली फोनवर सांगत होती, पट्टा लावला नाही की जीप पिंपिं करते म्हणून तुम्ही तो पाठीमागून अडकवता आणि त्याच्यावरच बसता. अक्कल गहाण टाकलीय का? उद्यापासून छातीवरून घ्या. ढेरी आडवी येत असेल तर ढेरी कमी करा.

सासूबाईंचा गुडघा कसा आहे?

इथल्या कपाटात जादा मुंडकी ओळीने ठेवलीत. आज सगळी बघून आले. तुमच्या तोंडवळ्याचं एकही नाही.

आता नमस्कार.

तुमचीच,
थोरलीची आई